त्यांची काळजी तुम्ही घेता, तुमची कोण घेणार?

घरातल्या ज्येष्ठांचं मन आजारी पडतं तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी एक मन हळूहळू थकत जातं. ते असतं त्यांचं सगळं करणाऱ्या बायकोचं, मुलीचं, सुनेचं, कधी मुलाचं. डॉक्टरांच्या कागदावर या दुसऱ्या माणसाचं नाव कधीच नसतं. ते का असायला हवं आणि अशा घराला सावरण्यासाठी काय करता येतं, याविषयी.

घरात म्हातारं माणूस आजारी असलं की भेटायला येणारी मंडळी एकच प्रश्न विचारतात, "आता कसं आहे आईंना?" मग औषधं कोणती चालू आहेत, जेवण जातं का, झोप लागते का, याची चौकशी होते. उठताना एखादी मावशी सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणते, "पुण्य कमावते आहेस हो!" आणि सगळे निघून जातात. त्यांच्यासाठी चहा करणारी ती सून रात्री कितीदा उठली, तिचा स्वतःचा रक्तदाब तपासायचा किती महिने राहिला, माहेरी जाऊन तिला किती दिवस झाले, हे विचारायचं कोणाच्या लक्षात येत नाही. तिच्या स्वतःच्याही नाही.

मोतीबिंदू, गुडघे, मधुमेह यांची आता घराघरांत सवय झाली आहे. त्यांची औषधं आहेत, पथ्यं आहेत, शस्त्रक्रिया आहेत. पण आजोबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, किंवा आजी नातवाला ओळखत नाहीत, तेव्हा घर गोंधळून जातं. हा आजार आहे की म्हातारपण? हट्ट आहे की नाटक? उत्तर सापडेपर्यंत बरेचदा वर्ष-दोन वर्षं जातात आणि तोवर घरातली नाती कडवट झालेली असतात.

हे दोन-चार घरांपुरतं राहिलेलं नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले सुमारे १० कोटी ४० लाख लोक होते. ही संख्या तेव्हापासून वाढतच गेली आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख ज्येष्ठांना डिमेन्शिया अर्थात स्मृतिभ्रंश असावा. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांमध्ये अधिक आढळलं. यातले बहुतेक सगळे घरीच असतात. म्हणजे तितक्याच घरांत कोणीतरी एक जण त्यांच्यासाठी रात्री जागतो आहे.

विसरभोळेपणा, उदासी की आजार?

चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं हा आजार नव्हे. वय वाढलं की नाव ओठांवर येतं पण आठवत नाही, आणि तासाभराने अचानक आठवतं. हे साधं विसरणं आहे. काळजी करायची ती निराळ्या गोष्टींची.

चाळीस वर्षं रोज केलेली आमटी करताना पुढची पायरी सुचत नाही, बँकेची स्लिप भरता येत नाही, रोजच्या देवळातून घरी येताना रस्ता चुकतो, तोच प्रश्न दहा मिनिटांत पाच वेळा विचारला जातो आणि हे सगळं महिन्यामागून महिने वाढत जातं, तेव्हा स्मृतिभ्रंशाची शंका घ्यावी. अशा वेळी तक्रार सहसा घरच्यांची असते. ज्यांना आजार आहे त्यांना मात्र आपलं काही बिनसलं आहे असं वाटतच नाही.

उदासीचा आजार, म्हणजे डिप्रेशन, वेगळा. तो काही आठवड्यांत दिसू लागतो. वृद्ध माणूस "मला उदास वाटतं" असं क्वचितच म्हणतं. ते म्हणतं, "अंगात त्राण नाही," "पोटात कसंतरी होतं," "अन्नाला चव नाही," "आता देवाने उचललं तर बरं." पहाटे तीनला जाग येते. पेपर वाचणं, पूजा, नातवंडांशी खेळणं यातलं काहीच करावंसं वाटत नाही. "मला काही आठवत नाही" ही तक्रार ते स्वतःच करतात. पुष्कळ घरांत याला म्हातारपण समजून सोडून दिलं जातं, आणि हीच मोठी चूक ठरते. कारण उदासीवर उपचार आहेत आणि ते सत्तरीत, ऐंशीतही लागू पडतात. मरणाची भाषा वारंवार होऊ लागली तर ती थट्टेवारी न नेता डॉक्टरांना सांगायलाच हवी.

तिसरा प्रकार सगळ्यांत तातडीचा. काल संध्याकाळपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज सकाळी असंबद्ध बोलतात, कोणीतरी दिसल्याचं सांगतात, मध्येच गुंगतात. तासा-दोन तासांत किंवा एक-दोन दिवसांत असा बदल झाला, तर त्यामागे बहुधा शरीराचं कारण असतं. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, नवीन सुरू झालेली गोळी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असू शकतं. अशा वेळी "उद्या बघू" म्हणू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.

विसरण्याची तक्रार घेऊन जाल तेव्हा रक्ताच्या तपासणीत थायरॉईड आणि जीवनसत्त्व बी-१२ पाहिलं आहे ना, हे विचारून घ्या. ज्येष्ठांना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून बरोबर न्या. कान आणि डोळेही तपासून घ्या. ऐकू न येणारा माणूस संभाषणातून हळूहळू बाहेर पडतो आणि घरच्यांना तो विसरतो असं वाटत राहतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण आटोक्यात आणता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. त्यात कमी ऐकू येणं, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, उदासी आणि एकटेपणा आहे. ही सगळी कारणं दूर झाली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा समितीचा अंदाज आहे. थोडक्यात, श्रवणयंत्राला "या वयात कशाला?" असं म्हणण्यात शहाणपण नाही.

गोव्यातल्या घरांनी काय सांगितलं?

आपल्या समाजात या आजारांकडे कसं पाहिलं जातं, याचा एक चांगला अभ्यास गोव्यात झाला. डॉ. विक्रम पटेल आणि लंडनचे डॉ. मार्टिन प्रिन्स यांनी तो २००१ साली प्रसिद्ध केला. त्यांनी ज्येष्ठ मंडळी, त्यांच्या घरचे लोक, डॉक्टर आणि आरोग्यसेविका यांच्यासमोर स्मृतिभ्रंश आणि उदासी झालेल्या वृद्धांचं वर्णन ठेवलं आणि त्यांचं मत विचारलं.

स्मृतिभ्रंशाचं वर्णन लोकांनी लगेच ओळखलं. अशी माणसं गावात आहेत, असं ते म्हणाले. पण हा आजार आहे, त्यासाठी डॉक्टरांकडे जावं, असं त्यांना वाटत नव्हतं. हे म्हातारपणच, अशी समजूत. साहजिकच दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरांना असे रुग्ण क्वचित दिसत होते आणि घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविकांना मात्र नेहमी भेटत होते. उदासीच्या बाबतीत लोकांनी बोट दाखवलं ते मुलांकडे. मुलांनी दुर्लक्ष केलं, छळलं, माया केली नाही, म्हणून आई-बापाची ही दशा झाली, असा निवाडा.

याच अभ्यासात आणखी एक कटू गोष्ट पुढे आली. आपल्याकडे कुटुंब म्हाताऱ्यांना सांभाळतं असं अभिमानाने सांगितलं जातं, पण हा आधार समजला जातो तितका भरवशाचा नाही. अनेकदा सांभाळण्याला वारसाहक्काच्या अपेक्षेची अट चिकटलेली होती.

या निष्कर्षांकडे नीट पाहिलं तर आपल्या ओळखीच्या अनेक घरांतली कोंडी समजते. आजार हा आजार मानला जात नाही, म्हणून उपचार होत नाहीत. म्हातारं माणूस सुकत गेलं की दोष सांभाळणाऱ्यांवर येतो. सासूबाई शेजारणीला सांगतात, "मला दोन दिवस जेवायला दिलं नाही." त्या खोटं बोलत नसतात. आपण अर्ध्या तासापूर्वी जेवलो हे त्यांच्या मेंदूत उरलेलंच नसतं. पण शेजारीण सुनेकडे निराळ्या नजरेने पाहू लागते आणि सून बिल्डिंगमध्ये कोणाशी बोलणंच टाकते.

डॉक्टर कमी, पण शेजारची बाई आहे

आपल्या देशात मानसोपचारतज्ज्ञ कमी, वृद्धांच्या मानसोपचारांचे जाणकार त्याहून कमी. तालुक्याच्या गावात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला कोण पाहणार? या प्रश्नाचं उत्तरही गोव्यानेच शोधून पाहिलं.

डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसवाडी आणि बारदेश या दोन तालुक्यांत स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेली ८१ कुटुंबं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला लगेच मदत मिळाली, दुसऱ्याला सहा महिन्यांनी. मदत करणारे डॉक्टर नव्हते. ते होते त्याच भागातले, तिथली भाषा बोलणारे, बेताचं शिक्षण झालेले आणि वृद्धांच्या कामाची आवड असलेले गृहसेवा सल्लागार. त्यांना आठवडाभराचं कसून प्रशिक्षण दिलं होतं. पाठीशी सरकारी सेवेतले एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक समुपदेशक होते.

हे सल्लागार निदान पंधरा दिवसांतून एकदा घरी जात. हा आजार काय आहे ते समजावून सांगत. आंघोळ, कपडे, जेवण कसं सोपं करावं ते दाखवत. रुग्ण चिडला, रात्री फिरू लागला तर काय करावं ते सांगत. गरज वाटली तर तज्ज्ञांकडे पाठवत. सरकारी योजनांची माहिती देत आणि अशा घरांची एकमेकांशी गाठ घालून देत. यात महाग असं काहीच नव्हतं.

२००८ साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या वागण्यात किंवा रोजची कामं करण्याच्या क्षमतेत ठामपणे सांगता येईल अशी सुधारणा दिसली नाही. हा आजार पुढे पुढेच सरकतो. पण शुश्रूषा करणाऱ्यांच्या मनःस्थितीत स्पष्ट फरक पडला. त्यांचा मानसिक ताण कमी झाला आणि रुग्णाच्या विचित्र वागण्याचा होणारा त्रासही कमी झाला. आजी तशाच होत्या, पण आजींकडे पाहणाऱ्या माणसाला बळ आलं होतं.

या विषयातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट यातच आहे. स्मृतिभ्रंश बहुतेक वेळा बरा होत नाही. गोळ्यांनी काही जणांना काही काळ थोडा फरक पडतो, इतकंच. पण त्या घरातली दुसरी व्यक्ती सावरता येते, आणि ती सावरली तरच पहिलीची नीट निगा राहते. म्हणून शुश्रूषा करणाऱ्याला आराम देणं ही चैन समजू नये. तो उपचाराचाच भाग आहे.

"वाद घालू नका" म्हणजे नेमकं काय?

गृहसेवा सल्लागार जे शिकवतात त्यातला बराचसा भाग कोणत्याही घराला शिकता येतो. त्यातलं पहिलं सूत्र म्हणजे रुग्णाला चूक पटवून द्यायच्या फंदात पडू नये.

आजी म्हणतात, "माझ्या पाटल्या चोरल्या." त्यांना पाटल्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही आणि मेंदू त्या रिकाम्या जागी एक कारण भरतो. "मी कशाला चोरू?" असं म्हटलं की भांडण सुरू. त्याऐवजी "सापडत नाहीत होय? चला, दोघी मिळून शोधू" असं म्हणावं. नेहमीच्या लपवायच्या जागा घरच्यांना हळूहळू ठाऊक होतात. तिथे दोन मिनिटं शोधलं की विषय निवळतो.

आजोबा राहत्या घरात बसून म्हणतात, "मला घरी जायचंय." त्यांच्या मनातलं घर बहुधा पन्नास वर्षांपूर्वीचं असतं. "हेच तुमचं घर" असं दहा वेळा सांगून उपयोग होत नाही. "तिथे अंगणात काय काय होतं हो, अण्णा?" असं विचारलं की ते सांगू लागतात आणि बेचैनी ओसरते. वारलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईला "ते गेले की हो" असं रोज सांगणं म्हणजे तिला रोज नव्याने वैधव्य देणं. त्यांची एखादी आठवण काढून विषय वळवावा.

तिन्हीसांजेला अशा रुग्णांची अस्वस्थता बरेचदा वाढते. त्या वेळी घरात भरपूर उजेड ठेवावा, टीव्हीवरच्या आरडाओरडीच्या मालिका बंद कराव्यात, पाहुण्यांना सकाळची वेळ द्यावी. हातांना काम द्यावं. मटार सोलणं, वाती वळणं, कपड्यांच्या घड्या घालणं ही कामं हातांच्या सवयीत असतात आणि पुष्कळ काळ टिकतात. घड्या वाकड्या झाल्या तरी कौतुक करावं आणि नंतर गुपचूप नीट कराव्यात.

रुग्ण घराबाहेर निघून जाण्याची भीती असेल तर दाराला नेहमीपेक्षा वेगळ्या उंचीवर कडी लावावी, खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी, कोपऱ्यावरच्या वाण्याला आणि वॉचमनला सांगून ठेवावं. मात्र माणसाला घरात एकटं कोंडून जाऊ नये. आग लागली, पाय घसरला तर त्याला बाहेर पडता येणार नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २०१३ सालच्या 'अस्तु' चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. त्यात हत्तीच्या मागे निघून गेलेल्या या वृद्धाला माहुताची बायको लेकरासारखं सांभाळते. पूर्वी तो केवढा विद्वान होता हे तिला ठाऊक नसतं, म्हणून आज तो जसा आहे तसा ती त्याला घेते. घरच्यांना हे अवघड जातं, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर जुना माणूस असतो. तो माणूस डोळ्यांदेखत थोडा थोडा हरवत असतो आणि त्याचं दुःख कोणापाशी करायची सोयही नसते. माणूस तर समोर बसलेला असतो!

राग येतो, मग अपराधी वाटतं

शुश्रूषा करणाऱ्याच्या मनात काय चाललेलं असतं, ते बोलायला आपल्याकडे जागाच नाही. 'सेवा' हा शब्दच असा आहे की त्यापुढे "मी दमले" म्हणणं पाप वाटतं. दिवसातून तीन वेळा चादर बदलावी लागली की राग येतो. आवाज चढतो. मग रात्री त्याचीच टोचणी लागते. कधी मनात येतं, आता सुटतील तर बरं. आणि लगेच आपण किती वाईट आहोत, असं वाटून रडू येतं. असे विचार येणं हे वाईट माणसाचं लक्षण नव्हे. ते थकलेल्या माणसाचं लक्षण आहे. अशा प्रत्येक घरात ते कधी ना कधी येतात.

सावध व्हायचं ते पुढच्या खुणांनी. रुग्ण झोपला तरी आपल्याला झोप न लागणं, सतत डोकं किंवा पाठ दुखणं, स्वतःच्या गोळ्या विसरणं, भिशी, भजनीमंडळ, मैत्रिणींचे फोन एकेक करून बंद होणं, मुलांवर विनाकारण खेकसणं, कशातच गोडी न वाटणं. हे दोन-तीन आठवडे टिकलं तर स्वतःसाठी डॉक्टरांकडे जावं. रुग्णाला घेऊन जाल तेव्हा दोन मिनिटं स्वतःसाठी मागून घ्या. चांगला डॉक्टर ती देतो.

आणि हात उगारला गेला, ढकललं गेलं, रागाने जेवण दिलं नाही, तर ते लपवू नये. तो आपल्याच्याने आता एकट्याने होत नाही याचा सर्वांत स्पष्ट इशारा असतो. त्याच दिवशी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी जबाबदारी घ्यायला सांगावं. रुग्णाला गप्प करण्यासाठी मनाने झोपेची गोळी देणं तर पूर्ण टाळावं. त्याने वृद्ध माणूस पडतो, गोंधळतो आणि जिवावरही बेतू शकतं.

शुश्रूषा पुरुषही करतात. बायकोला स्मृतिभ्रंश झाला म्हणून पंचाहत्तरीत पोळ्या शिकणारे, तिची वेणी घालणारे आजोबा आहेत. त्यांची अडचण आणखी वेगळी. बायका निदान शेजारणीपाशी बोलतात, हे कोणाशीच बोलत नाहीत. अशा माणसाला "काही लागलं तर सांगा" म्हणून थांबू नये. सरळ डबा घेऊन जावं आणि तासभर बसावं.

वाटणी इस्टेटीची होते, रात्रींची का नाही?

"वहिनी, आईला जरा फिरायला नेत जा ना." "दादा, त्या डॉक्टरांऐवजी दुसऱ्यांना दाखव." फोनवरून येणाऱ्या अशा सूचना हेतूने चांगल्या असतात, पण जिने रात्रभर जागून काढलेली असते तिच्या त्या जिव्हारी लागतात. भावंडांमधली बरीच भांडणं इथूनच सुरू होतात. त्यावर एक साधा उपाय आहे. सगळ्यांनी एकदा बसून, दूर असतील त्यांनी फोनवर, कामांची यादी करावी. आंघोळ, औषधं, दवाखाना, बिलं, किराणा, रात्रीची जाग, अटेंडंटचा पगार असं सगळं कागदावर यावं. आठवड्याचे तास मांडले की कोण काय करतं ते आपोआप दिसतं, भांडावं लागत नाही.

पुण्याच्या आईचं अमेरिकेतल्या मुलाला खूप काही करता येतं. वीज-फोनची बिलं, औषधांची ऑर्डर, विम्याचे कागद, ब्यूरोशी बोलून दिवसपाळीच्या मावशी ठरवणं हे सगळं दुरून होतं. आणि सुट्टीवर येईल तेव्हा पाहुण्यासारखं न राहता दोन आठवडे आईचा पूर्ण ताबा घ्यावा. भाऊ-वहिनीला गावाला पाठवावं. साडीपेक्षा ही भेट मोठी.

पैशाचे व्यवहारही लवकर उरकावेत. स्मृतिभ्रंशाचं निदान झालं की, जोवर माणसाला स्वतःचं हित समजतं आहे तोवरच त्याच्या इच्छेप्रमाणे बँकेची नामनिर्देशनं आणि मृत्युपत्र करून घ्यावं. पुढचे कितीतरी संशय त्याने टळतात. आई-वडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क २००७ च्या कायद्याने दिला आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून दिलं आणि पुढे सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द करून मागण्याची सोयही त्याच कायद्यात आहे.

उदासी येण्याआधीच

बेंगळुरू, हैदराबाद, गुरुग्रामला नोकरीसाठी गेलेली मुलं आई-वडिलांना आपल्याकडे घेऊन येतात. हेतू चांगला. पण साताऱ्याच्या पेठेत चाळीस वर्षं राहिलेली आई पंधराव्या मजल्यावर येते तेव्हा तिची भाषा, देऊळ, भाजीवाली, मैत्रिणी सगळंच सुटतं. मुलगा आणि सून सकाळी आठला बाहेर पडले की रात्रीपर्यंत बोलायला कोणी नाही. अशा घरांत उदासी हळूच शिरते. इंदूर, बडोद्यापासून दिल्ली, बेंगळुरूपर्यंत मराठी मंडळं आहेत. तिथल्या कार्यक्रमांना त्यांना नेऊन सोडणं हे मधुमेहाच्या गोळीइतकंच नेमाने करावं. महाराष्ट्रात तर गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रं आहेत.

उदासी रोखता येते याचा पुरावाही गोव्यानेच दिला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उदासीची सुरुवातीची लक्षणं असलेले १८१ ज्येष्ठ होते. त्यातल्या निम्म्यांना, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी मदत केली. एका वेळी एकच अडचण घेऊन तिचे छोटे तुकडे कसे करायचे, झोपेच्या वेळा कशा लावायच्या, मधुमेहासारख्या दुखण्यात स्वतःची काळजी कशी घ्यायची, सरकारी मदत कशी मिळवायची, एवढंच ते शिकवत. वर्षभरात या गटातल्या ९१ पैकी ४ जणांना मोठं डिप्रेशन आलं. नेहमीचेच उपचार मिळालेल्या ९० जणांत ही संख्या १३ होती.

मदत कुठे मिळेल?

केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. शुश्रूषा करणाऱ्यानेही हा क्रमांक स्वतःसाठी जरूर फिरवावा. ज्येष्ठांसाठीची 'एल्डरलाइन' १४५६७ या क्रमांकावर आहे. पेन्शन, कायदा, छळ, बेवारस सापडलेले वृद्ध अशा बाबतींत ती मार्ग दाखवते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या कुटुंबांसाठी १९९२ साली केरळात 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन झाली. आज देशातल्या अनेक शहरांत तिच्या शाखा आहेत. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये वृद्धांच्या मनोविकारांसाठी खास विभाग आहे. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही सुरुवात करता येते.

जिथे यातलं काहीच जवळ नाही, तिथे निदान तशाच दुसऱ्या एखाद्या घराची ओळख करून घ्यावी. ज्याच्या घरी हे घडलं आहे त्याला अर्ध्या वाक्यात सगळं कळतं. पंधरा दिवसांतून एकदा तासभर भेटणारी अशी दोन-तीन कुटुंबं एकमेकांना जो आधार देतात तो कुठल्याही चिठ्ठीवर लिहून मिळत नाही.

चौकट : या आठवड्यापासून

● आठवड्यातले तीन तास शुश्रूषा करणाऱ्याचे. त्या वेळी रुग्णापाशी कोण बसणार, ते नाव कॅलेंडरवर लिहा.

● रुग्णाच्या औषधांच्या डब्याशेजारी शुश्रूषा करणाऱ्याचाही डबा ठेवा. दोघांचा रक्तदाब एकाच दिवशी तपासा.

● जेवण, आंघोळ, झोप यांच्या वेळा ठरलेल्या ठेवा. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला नेम हाच मोठा आधार असतो.

● न्हाणीघरात आधाराची दांडी, खरखरीत फरशी आणि रात्री मंद दिवा हवाच.

● घरातल्या मुलांना आजार समजावून सांगा. "आजीचा मेंदू आजारी आहे, ती मुद्दाम करत नाही," एवढं आठ वर्षांच्या मुलालाही कळतं.

● भेटायला जाल तेव्हा फळांबरोबर एक वाक्य घेऊन जा : "आज दुपारी मी इथे बसते, तू बाहेर जाऊन ये."